कोरोनासाठी घेतलेलं मायसेक क्षयरोगासाठी वापरायचंय: एमजीआयटी कल्चरवरून पूर्ण जनुकसंच वाचून औषधरोध कसा ठरवायचा?

वारणाकाठ

वैद्यकीय महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागासाठी विचारतोय. एमजीआयटी कल्चर (द्रव माध्यमाच्या ट्यूबमध्ये जंतू वाढवणं), लाइन प्रोब अ‍ॅसे म्हणजे एलपीए (जनुकातले ठराविक बदल पट्टीवर दाखवणारी चाचणी), आणि जीनएक्स्पर्ट (कार्ट्रिजवरची झटपट पीसीआर चाचणी) या तीनही गोष्टी रोज चालू आहेत. तिसऱ्या पातळीची जैवसुरक्षा खोली आहे. कोरोनाच्या काळात घेतलेलं इल्युमिना मायसेक, म्हणजे जनुकसंच वाचणारं यंत्र, सध्या जवळजवळ रिकामं असतं. ते क्षयजंतूच्या पूर्ण जनुकसंचासाठी वापरावं असा प्रस्ताव आहे.

निकड बेडाक्विलिनमुळे वाटते. २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बीपाम पद्धतीला, म्हणजे बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांच्या उपचाराला मान्यता दिली. पण आमच्या एलपीए पट्टीवर बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड किंवा लिनेझोलिडसाठी एकही पट्टा नाही. ज्या औषधांवर सगळी भिस्त, त्यांचाच रोध दिसत नाही.

नेमके प्रश्न असे:

एका रनमध्ये किती नमुने बसवावेत? एमजीआयटी ट्यूबमधून पुरेसा डीएनए निघतो का, आणि कसा काढावा? विश्लेषणासाठी कोणतं सॉफ्टवेअर, किती ताकदीचा संगणक? आणि छातीरोग विभागाला रिपोर्ट देताना काय लिहावं, काय लिहू नये?

कोरोनाच्या सिक्वेन्सिंगचा सराव असलेले दोन तंत्रज्ञ आहेत. लिनक्स येणारी एक जण आहे.

---

काचमणी

ओल्या कामाबद्दल मी सांगते, संगणकाचं दुसऱ्या कुणी सांगावं.

आधी एक गोष्ट मनातून काढा. कोरोनाचा सराव इथे अर्धाच उपयोगी पडतो. तो विषाणू ३० हजार अक्षरांचा होता आणि पीसीआरने त्याचे तुकडे वाढवूनच आपण वाचत होतो, त्यामुळे सुरुवातीला डीएनए किती आहे याची फारशी फिकीर नसायची. क्षयजंतूचा जनुकसंच ४४ लाख ११ हजार अक्षरांचा, म्हणजे जवळपास दीडशे पट मोठा. तो थेट वाचायचा असतो. शिवाय मायकोलिक आम्लाची मेणचट भिंत फोडल्याशिवाय डीएनए बाहेरच येत नाही. साध्या विषाणूच्या किटने काढलं तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही.

हिशेब बघा. एका जंतूच्या जनुकसंचाचं वजन साधारण ५ फेम्टोग्रॅम. एमजीआयटी यंत्राने पॉझिटिव्हचा इशारा दिला तेव्हा एका मिलिलीटरमध्ये साधारण १ ते १० लाख जंतू असतात. म्हणजे अगदी वरचा आकडा धरून आणि डीएनए शंभर टक्के निघाला असं मानूनही ५ नॅनोग्रॅम. लायब्ररी, म्हणजे यंत्रात वाचायला तयार केलेले डीएनएचे तुकडे, बनवणाऱ्या नेक्स्टेरा एक्सटी किटला १ नॅनोग्रॅम लागतो, पण प्रत्यक्षात अर्ध्याहून जास्त वाया जातो. म्हणून इशारा मिळाल्याबरोबर डीएनए काढायला घेऊ नका. ट्यूब आणखी ३ ते ७ दिवस ३७ अंशांवर ठेवा. दरम्यान झील-नील्सन स्मिअरमध्ये दोरीसारखी वाढ दिसते का बघा, ब्लड अगारवर टाकून इतर जिवाणूंची भेसळ नाही ना हे तपासा आणि क्षयजंतू ओळखणारी एमपीटी-६४ पट्टी करा. ब्लड अगारवर काही उगवलं तर ती ट्यूब पुढे नेऊ नका. सिक्वेन्सिंगचे पैसे त्या भेसळीचा जनुकसंच वाचण्यात जातील.

जंतू मारण्याचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यानंतरच नमुना तिसऱ्या पातळीच्या खोलीबाहेर येतो. स्क्रू-कॅप आणि ओ-रिंग असलेल्या नळीत दीड मिलिलीटर कल्चर घ्या, झाकणबंद रोटरमध्ये १० हजार जीच्या वर १५ मिनिटं फिरवा, वरचं पाणी जंतुनाशकात ओता. गाळ सलाइनने एकदा धुवा, नाहीतर माध्यमातलं अल्ब्युमिन पुढे त्रास देतं. मग टीई बफरमध्ये मिसळून ९५ अंशांवर ३० मिनिटं. इथे नेहमी होणारी चूक अशी की कोरड्या हीट ब्लॉकमध्ये नळीचा फक्त खालचा भाग तापतो आणि झाकणाला चिकटलेले थेंब थंडच राहतात. नळी झाकणासकट तापेल अशी सोय हवी. तुमच्याच उपकरणावर, तुमच्याच नळ्यांत मारलेले नमुने पुन्हा एमजीआयटीत टाकून ४२ दिवस काहीही उगवत नाही हे सिद्ध करा. ते होईपर्यंत एकही नळी बाहेर काढू नका.

भिंत फोडायला ०.१ मिलिमीटरचे काचेचे मणी आणि बीड-बीटर. ३० ते ४५ सेकंदांचे दोन-तीन झटके, मध्ये बर्फावर. डीएनएचे तुकडे होतात, पण इल्युमिनासाठी ते चालतं. बीड-बीटर नसेल तर जुनी सीटॅब पद्धत अजूनही उत्तम: लायसोझाइम रात्रभर, मग एसडीएस आणि प्रोटिनेज-के, मग सीटॅब-मीठ ६५ अंशांवर १० मिनिटं, क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल २४ : १, शेवटी आयसोप्रोपॅनॉल. वेळ खाते, पण डीएनए स्वच्छ निघतो. आरएनए काढून टाकायला आरएनएज विसरू नका.

मोजमाप क्यूबिटवरच करा. नॅनोड्रॉप आरएनए आणि सुटे न्यूक्लिओटाइडही धरतो आणि आकडा फुगवतो. फुगलेल्या आकड्यावर विसंबून पातळ केलं की किटमध्ये प्रत्यक्षात फारच कमी डीएनए जातो, ट्रान्स्पोझेज (डीएनए कापून टोकांना अ‍ॅडॅप्टर नावाचे कृत्रिम तुकडे जोडणारं एन्झाइम) त्याचे बारीक तुकडे करतं आणि लायब्ररी २०० अक्षरांच्या आसपास जमा होते. त्यातून निम्मं वाचन अ‍ॅडॅप्टरमध्येच फुकट जातं. एक्सटीसाठी ०.२ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलीटर, ५ मायक्रोलीटर.

क्षयजंतूत जी आणि सी अक्षरं ६५ टक्क्यांहून थोडी जास्त आहेत. एक्सटी किट अशा भागांत कमी वाचतं. नवं मणी-बद्ध ट्रान्स्पोझेजचं किट, म्हणजे इल्युमिना डीएनए प्रेप, जास्त सारखं वाचतं आणि १ ते ५०० नॅनोग्रॅमपर्यंत चालतं. बजेट असेल तर तेच घ्या.

रनमध्ये किती नमुने? मायसेकच्या व्ही-२, १५० अक्षरी जोडवाचनाच्या किटमधून साधारण ४.५ अब्ज अक्षरं मिळतात. १०० पट डेप्थला, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी १०० वेळा वाचायला, एका नमुन्याला ०.४४ अब्ज लागतात. कागदावर १० नमुने. पण लायब्ररी कधीच बरोबरीने वाटल्या जात नाहीत. ८ रुग्ण, १ एच-३७-आरव्ही (संदर्भ म्हणून वापरतात तो क्षयजंतू) आणि १ पाणी असं सुरू करा. हात बसला की ६० ते ७० पट डेप्थवर १२ ते १४ पर्यंत जाता येतं.

पाण्याचा नमुना डीएनए काढण्याच्या पहिल्या पायरीपासून सोबत हवा. लायब्ररीच्या वेळी घातलेलं पाणी फक्त शेवटची भेसळ दाखवतं.

---

कमांडलाइन

काचमणींनी एच-३७-आरव्हीचं सांगितलं ते बरं झालं. तो संदर्भ जंतू लिनिएज ४.९ मध्ये, म्हणजे क्षयजंतूच्या त्या उपवंशात, येतो आणि संवेदनशीलता चाचणीत नियंत्रण म्हणून तो प्रत्येक प्रयोगशाळेत असतोच. रुग्णांच्या नमुन्यांत अचानक ४.९ दिसायला लागला, किंवा मिश्र संसर्गात त्याचा वाटा दिसला, तर आधी आपल्याच लॅबमधल्या भेसळीचा संशय घ्या.

संगणक साधाच पुरतो. १६ जीबी रॅम, ४ कोअर, २ टीबी डिस्क. एका नमुन्याला साधारण १५-२० मिनिटं. क्रम असा ठेवा.

फास्टपीने अ‍ॅडॅप्टर आणि हलकी अक्षरं छाटा. मग क्रॅकेन-२ लहान, ८ जीबीच्या डेटाबेसवर चालवून किती वाचनं मायकोबॅक्टेरियमची आहेत ते बघा. शुद्ध कल्चरमध्ये ९० टक्क्यांच्या वर हवीत. पुष्कळ वाचनं मानवाची निघाली तर गाळ नीट धुतला गेलेला नाही. इतर जिवाणू निघाले तर ब्लड अगारची पायरी सुटली. मायकोबॅक्टेरियमचीच पण वेगळी जात निघाली तर तो क्षयजंतू नव्हेच, पुढचा औषधरोधाचा तक्ता त्याला लागू नाही. यानंतर टीबी-प्रोफाइलर. तो बीडब्ल्यूएने एच-३७-आरव्हीवर वाचनं बसवतो, फरक शोधतो, लिनिएज सांगतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्युटेशन सूचीशी ताडून औषधवार निष्कर्ष देतो. सूचीची पहिली आवृत्ती २०२१ ची, दुसरी नोव्हेंबर २०२३ ची. दुसरी ५२ हजारांहून जास्त जंतूंवर आधारलेली आहे. पडताळणीसाठी मायक्रोबही चालवा, तो पूर्ण वेगळ्या पद्धतीने तेच काम करतो. दोघांचं जमलं नाही तर तो नमुना आयजीव्हीत, म्हणजे वाचनं पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून डोळ्यांनी बघा.

नमुना स्वीकारायची अट आम्ही अशी ठेवतो: सरासरी डेप्थ किमान ५०, आणि जनुकसंचाच्या ९५ टक्के भागावर किमान १० वाचनं. पण एवढ्यावर समाधान मानू नका. औषधरोधाच्या प्रत्येक जनुकाची डेप्थ वेगळी तपासायला हवी, आणि माझ्या मते सगळ्यात धोकादायक चूक इथेच होते. एखाद्या जागी वाचनच आलं नाही तर सॉफ्टवेअरला म्युटेशन सापडत नाही, आणि निष्काळजी रिपोर्टमध्ये ते ‘संवेदनशील’ म्हणून छापलं जातं. कॅट-जी, पीएनसी-ए, ईथ-ए किंवा आरव्ही-०६७८ हे जनुक कधीकधी पूर्णपणे गळून गेलेलं असतं. कॅट-जीच नाही तर आयसोनियाझिड सक्रियच होत नाही, जंतू पक्का रोधक. आजूबाजूला ८० वाचनं आणि मध्ये धारदार कडांचा शून्य असा खड्डा दिसला तर ते जनुक गळलंय. कडा हळूहळू उतरत गेल्या आणि भागात जी-सी खूप असेल तर तो वाचनाचा दोष. तिथे ‘निष्कर्ष काढता आला नाही’ असंच लिहा.

नवख्या माणसाला फसवणाऱ्या आणखी काही जागा.

जायर-ए जनुकात ९५ व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनिन दिसेल. एच-३७-आरव्हीच इथे वेगळा आहे, जगातल्या बहुतेक क्षयजंतूंमध्ये थ्रिओनिनच असतं. याचा फ्लुरोक्विनोलोन रोधाशी संबंध नाही. खरा रोध ८८ ते ९४ या पट्ट्यात असतो, विशेषतः ९० आणि ९४. तसंच कॅट-जीच्या ४६३ व्या जागचा बदल. तोही वंशाचा आहे, रोधाचा नाही. रोधाचा बदल ३१५ व्या जागी, सेरीनऐवजी थ्रिओनिन.

आरपीओ-बी या रिफाम्पिसिन रोधाच्या जनुकाचे आकडे दोन पद्धतींनी लिहितात. जुने ई-कोलायचे, नवे क्षयजंतूचे. फरक ८१ चा. जुना ५३१ म्हणजे नवा ४५०, जुना ५२६ म्हणजे ४४५. एलपीएच्या माहितीपत्रकात जुने, टीबी-प्रोफाइलरमध्ये नवे. इन्ह-ए जनुकाच्या प्रमोटरचंही, म्हणजे ते चालू करणाऱ्या भागाचंही, तसंच. ज्याला सगळे उणे १५ म्हणतात, तेच म्युटेशन सूचीच्या दुसऱ्या आवृत्तीत इन्ह-एपासून मोजून उणे ७७७ असं लिहिलंय. डॉक्टरांना दोन्ही आकडे द्या, नाहीतर एलपीए आणि सिक्वेन्सिंग जुळत नाही म्हणून फोन येणार.

सूचीत पाच गट आहेत. पहिला आणि दुसरा रोधाशी निगडित, चौथा आणि पाचवा निगडित नसलेले. तिसरा अनिश्चित. तिसऱ्या गटातलं म्युटेशन रोधकही नाही आणि संवेदनशीलही नाही. तिथे कल्चरवरची चाचणी हेच उत्तर.

बेडाक्विलिनचा एक पेच लक्षात ठेवा. आरव्ही-०६७८ हे जनुक एका पंपाला आवरून धरतं. ते मोडलं की पंप मोकाट सुटतो आणि औषध बाहेर फेकतो. पण त्या पंपाचंच जनुक, एमएमपीएल-५, मोडलेलं असेल तर आरव्ही-०६७८ मधलं म्युटेशन असूनही जंतू संवेदनशीलच राहतो. दोन्ही एकत्र बघायला हवीत. टीबी-प्रोफाइलरच्या जुन्या आवृत्त्या हे पाहत नव्हत्या, म्हणून अद्ययावत आवृत्तीच वापरा.

---

वारणाकाठ

फार उपयोगी. दोन उपप्रश्न. एक, आरव्ही-०६७८ मध्ये फ्रेमशिफ्ट (अक्षर वाढल्याने किंवा गळल्याने पुढची सगळी ओळ सरकणं) दिसतोय पण फक्त ३० टक्के वाचनांत, डेप्थ ६०. हे खरं धरायचं का? दोन, कार्ट्रिज रिफाम्पिसिन संवेदनशील म्हणतं आणि सिक्वेन्सिंगमध्ये आरपीओ-बीच्या ४९१ व्या जागी बदल निघाला, तर डॉक्टरांनी कशावर विश्वास ठेवायचा?

---

कमांडलाइन

पहिल्याचं उत्तर: ६० पैकी १८ वाचनं म्हणजे योगायोग नाही. सरळ आणि उलट अशा दोन्ही दिशांच्या वाचनांत फरक दिसतो का, आणि वाचनाच्या अगदी टोकालाच दिसत नाही ना, एवढं आयजीव्हीत बघा. आरव्ही-०६७८ मध्ये १९२ व्या अक्षरापासून सलग जी येतात, तिथे एक जी वाढणं ही रोधाची नेहमीची वाट आहे. मायसेकवर ते नीट वाचलं जातं. नॅनोपोरवर सलग सारख्या अक्षरांत मोजणी चुकते, तिथे एकट्या त्या फरकावर निर्णय घेऊ नका.

एकाच रुग्णाच्या नमुन्यात आरव्ही-०६७८ चे तीन-चार वेगवेगळे फ्रेमशिफ्ट १०-१५ टक्क्यांनी दिसले तर त्यांची बेरीज करा. उपचार चालू असताना वेगवेगळ्या उपटोळ्यांनी वेगवेगळ्या वाटेने रोध मिळवला, असा त्याचा अर्थ. कल्चरच्या चाचणीत १ टक्का जंतू रोधक असले तरी ‘रोधक’ म्हणतात, त्यामुळे ३० टक्के ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही. १० टक्क्यांखालचं मात्र आम्ही रिपोर्टमध्ये घालत नाही, पुन्हा नमुना मागवतो.

---

क्षयविभाग

दुसरा प्रश्न माझ्या बाजूचा.

जीनएक्स्पर्ट आणि ट्रूनॅट (तशीच झटपट पीसीआर चाचणी) दोन्ही आरपीओ-बीच्या ८१ अक्षरांच्या छोट्या पट्ट्यावर नजर ठेवतात, नव्या मोजणीने ४२६ ते ४५२. बहुतेक रिफाम्पिसिन रोध तिथेच असतो, म्हणून या चाचण्या इतक्या उपयोगी ठरल्या. ४९१ व्या जागचा आयसोल्युसीनऐवजी फेनिलअ‍ॅलॅनिन हा बदल त्या पट्ट्याबाहेर आहे. कार्ट्रिजला तो दिसणारच नाही. आफ्रिकेतल्या एस्वातिनीत याच बदलाचे रोधक जंतू पुष्कळ प्रमाणात पसरले आणि चाचणीतून निसटत राहिले. शिवाय तो एमजीआयटीतही संवेदनशील दिसू शकतो, कारण रोध मध्यम पातळीचा असतो. ४३०, ४३५, ४४५, ४५२ या जागांवरचे काही बदलही असेच सीमारेषेवरचे आहेत. २०२१ मध्ये एमजीआयटीतली रिफाम्पिसिनची मर्यादा (औषधाच्या ज्या प्रमाणातही जंतू वाढला तर रोधक म्हणतात ती) १ वरून ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर केली गेली ती याच कारणाने. असा बदल सापडला तर रुग्ण रिफाम्पिसिन रोधक समजूनच उपचार करायचे. इथे सिक्वेन्सिंगवर विश्वास ठेवा.

आता रिपोर्टबद्दल, कारण माझ्या मते एवढी सगळी मेहनत शेवटी त्या एका पानावर तरते किंवा बुडते. आमच्या हातात म्युटेशनची यादी देऊ नका. प्रत्येक औषधासमोर एकच शब्द हवा: रोधक, संवेदनशील, अनिश्चित, किंवा वाचता आलं नाही. त्याखाली लहान अक्षरांत म्युटेशन, गट आणि वाचनांची टक्केवारी. आणि खाली दोन ओळींची टीप, जी उपचार बदलते.

टीपेची उदाहरणं देतो. आयसोनियाझिड रोध फक्त इन्ह-एच्या प्रमोटरमुळे असेल तर तो बहुधा कमी पातळीचा असतो. दीर्घ पद्धतीत जास्त डोसचं आयसोनियाझिड विचारात घेता येतं, पण इथिओनामाइड जातं, कारण दोघांचं लक्ष्य एकच. कॅट-जी ३१५ असेल तर उलट. रोध वरच्या पातळीचा, आणि इथिओनामाइड तेवढ्याने बाद होत नाही. दोन्ही असतील तर दोन्ही औषधं सोडा. नुसतं ‘आयसोनियाझिड रोधक’ लिहिलेल्या रिपोर्टमधून हे कळत नाही.

फ्लुरोक्विनोलोन रोध निघाला तर बीपाममधून मॉक्सिफ्लॉक्सॅसिन वगळून उरलेल्या तीन औषधांची बीपाल पद्धत चालू ठेवता येते. मात्र आरव्ही-०६७८ मध्ये रोधाशी निगडित बदल निघाला तर पायाच हलतो. अशा वेळी बेडाक्विलिनच्या जागी क्लोफाझिमिन घालण्याचा मोह होतो, तो टाळा. तोच पंप क्लोफाझिमिनही बाहेर फेकतो. रुग्णाने बेडाक्विलिन कधी घेतलं नसेल तरीही असा बदल सापडू शकतो, म्हणून ‘आधी औषध घेतलेलं नाही’ हे चाचणी न करण्याचं कारण नाही. अशी केस औषधरोधक क्षयरोगाच्या नोडल केंद्रातल्या तज्ज्ञ समितीपुढेच जायला हवी. लिनेझोलिडसाठी आरपीएल-सीच्या १५४ व्या जागचा बदल आणि आरआरएल जनुक बघा. प्रेटोमॅनिडसाठी डीडीएन, एफजीडी-१ आणि एफबीआय कुटुंबातली जनुकं. पण तिथले पुष्कळ बदल अजून तिसऱ्या गटात आहेत, त्यामुळे ‘संवेदनशील’ हा शब्द जपून वापरा.

अनिश्चित निकालांसाठी एमजीआयटीतल्या मर्यादा हाताशी ठेवा: बेडाक्विलिन १ आणि लिनेझोलिड १ मिलिग्रॅम प्रति लिटर, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ०.२५, आणि उच्च पातळी तपासायला १.

आणि उपचार सिक्वेन्सिंगसाठी थांबवायचे नाहीत. कल्चर पॉझिटिव्ह व्हायला दोन ते तीन आठवडे, वर डीएनए, लायब्ररी, रन, विश्लेषण मिळून आणखी एक ते दीड आठवडा. तोवर कार्ट्रिज आणि एलपीएवर उपचार सुरू झालेले असतात आणि झालेच पाहिजेत. सिक्वेन्सिंगचा निकाल पहिल्या महिन्याच्या तपासणीपर्यंत आला तरी पुरेसा उपयोगी आहे, कारण चुकीची पद्धत पाच महिने रेटण्यापेक्षा एका महिन्यात बदलणं हा रुग्णाच्या फुप्फुसाचा आणि घरच्यांचा प्रश्न असतो.

पद्धतीवर भरवसा किती, असं विभागात कुणी विचारलं तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला १०,२०९ जंतूंचा आंतरराष्ट्रीय अभ्यास दाखवा. जनुकसंचावरून रोध ओळखण्याची क्षमता आयसोनियाझिडसाठी ९७.१, रिफाम्पिसिनसाठी ९७.५, इथॅम्ब्युटॉलसाठी ९४.६ आणि पायराझिनामाइडसाठी ९१.३ टक्के निघाली. पहिल्या फळीच्या या चार औषधांसाठी हे आकडे भक्कम आहेत. बेडाक्विलिनला ते लावू नका. तिथे कल्चरची चाचणी सोबत हवीच.

---

मांडवीतीर

एक वेगळा मुद्दा मांडते. कल्चरची वाटच का बघायची? २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने थुंकीवरून थेट लक्ष्यित सिक्वेन्सिंग करण्याची शिफारस केली आहे. डीप्लेक्स किटमध्ये एकाच पीसीआरमध्ये २४ तुकडे वाढवून १८ जनुकं वाचली जातात, मायसेकवर चालतं, आणि एका आठवड्याच्या आत निकाल हाती. कोरोनाच्या वेळचा अ‍ॅम्प्लिकॉनचा, म्हणजे पीसीआरने वाढवलेल्या तुकड्यांचा, सराव तुमच्या दोन्ही तंत्रज्ञांना इथे पूर्ण उपयोगी पडेल. डीएनए मोजून घालण्याची चिंताही उरत नाही, तिसऱ्या पातळीच्या खोलीतलं कामही बरंच कमी होतं.

मर्यादा सांगते. थुंकीत जंतू कमी असतील तर काही तुकडे वाढतच नाहीत. कार्ट्रिजवर ‘मध्यम’ किंवा ‘जास्त’ आलेल्या नमुन्यांपासून सुरू करा. ‘अगदी कमी’ आलेल्यांत निम्मे तक्ते रिकामे येतील आणि खर्च तेवढाच. दुसरं म्हणजे अ‍ॅम्प्लिकॉनची भेसळ. पीसीआर झालेला डीएनए ज्या खोलीत उघडतो, त्या खोलीत नवा नमुना कधीही उघडू नका. तीन वेगळ्या जागा, वेगळी पिपेट, वेगळे कोट. हे शक्य नसेल तर या वाटेला जाऊ नका.

ट्रूनॅट, जे आमच्या गोव्यातच बनतं, चालवणाऱ्यांनी ट्रूप्रेपमधून, म्हणजे त्याच्या डीएनए काढणाऱ्या यंत्रातून, उरलेलं इल्यूट फेकू नये. त्यात शुद्ध केलेला डीएनए असतो. उणे २० वर ठेवलं तर रिफाम्पिसिन रोधक निघाल्यावर रुग्णाला पुन्हा थुंकीसाठी न बोलावता पुढची चाचणी करून पाहता येते. ग्रामीण भागात दुसऱ्यांदा बोलावलेला रुग्ण अनेकदा येतच नाही, म्हणून ही छोटी गोष्ट मला फार मोलाची वाटते.

---

कमांडलाइन

मांडवीतीर यांचं म्हणणं एका रुग्णाच्या उपचारापुरतं मला मान्य आहे. वेळ वाचतो आणि तो महत्त्वाचा. पण लक्ष्यित किट ज्या जनुकांकडे बघतं त्यापलीकडे ते आंधळं असतं. एखादं जनुक पूर्ण गळलेलं असेल तर ‘तुकडा वाढला नाही’ एवढंच दिसतं आणि ते कमी डीएनएमुळे की खरोखर जनुक नाही म्हणून, हे ठरवणं कठीण जातं. म्हणून दोन्ही चालवा असं सुचवेन: रिफाम्पिसिन रोधक निघालेल्या जास्त जंतूंच्या थुंकीवर लक्ष्यित किट, आणि त्याच रुग्णांच्या कल्चरवर महिन्यातून दोन रन पूर्ण जनुकसंचाचे.

पूर्ण जनुकसंचाचा दुसरा फायदा लक्ष्यित किटमधून तितका मिळतच नाही, तो म्हणजे कुणाकडून कुणाला लागण झाली याचा माग. क्षयजंतू फार सावकाश बदलतो, साधारण दोन वर्षांत एखादं अक्षर. म्हणून दोन रुग्णांच्या जंतूंत ५ किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल तर अलीकडची लागण संभवते, १२ पेक्षा जास्त असेल तर जवळजवळ नाही. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय पातळीवर हे नियमित होतं. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे औषधरोधक जंतूंमध्ये बीजिंग म्हणजे लिनिएज २ चा वाटा ठळक आहे, तिथे एकाच वस्तीतले रुग्ण एकमेकांकडून बाधित झाले की प्रत्येकात औषध अर्धवट घेतल्याने वेगळा रोध तयार झाला, हे कळण्याने कार्यक्रमाचं पुढचं पाऊल बदलतं. पहिल्या बाबतीत घरभेटी आणि संपर्कतपासणी वाढवायला हवी, दुसऱ्यात औषधपुरवठा आणि पाठपुरावा.

हे मोजताना पीई आणि पीपीई जनुकांचा भाग, जनुकसंचाच्या साधारण एक दशांश, झाकून टाका. तिथे सारख्या ओळी इतक्या वेळा येतात की छोटी वाचनं चुकीच्या जागी बसतात आणि खोटे फरक दिसतात.

आणि शून्य फरकाची जोडी सापडली तर लागण झाली म्हणण्याआधी प्रयोगशाळेची नोंदवही उघडा. दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच रॅकमध्ये डीकंटॅमिनेशनला होते का? एकाच रनमध्ये शेजारच्या इंडेक्सवर (नमुना ओळखायला जोडलेल्या खुणेवर) होते का? इंडेक्स दोन्ही टोकांना वेगळे असलेलेच वापरा, आणि लागोपाठच्या दोन रनना इंडेक्सचे संच आलटून-पालटून द्या. आधीच्या रनचा थोडा डीएनए मायसेकच्या नळीत उरतो. हायपोक्लोराइटचं टेम्प्लेट-लाइन वॉश प्रत्येक रननंतर करा.

रिपोर्टवर सूचीची आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि रनची तारीख छापा. फास्टक्यू, म्हणजे कच्च्या वाचनांची, फाइल जपून ठेवा, एका नमुन्याची साधारण २५० ते ३०० एमबी होते, हजार नमुने म्हणजे ३०० जीबी. सूचीची पुढची आवृत्ती आली की तिसऱ्या गटातले सगळे नमुने पुन्हा चालवा. तेव्हा काही अनिश्चित निकाल रोधक होतील आणि त्यातले काही रुग्ण अजून उपचारांवर असतील. फाइलला रुग्णाचं नाव कधीही देऊ नका, निक्षय (राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची रुग्णनोंदणी) क्रमांकही थेट वापरू नका. लॅबचा आतला क्रमांक द्या आणि दोघांची जोडणी वेगळ्या, कुलूपबंद तक्त्यात ठेवा.

---

वारणाकाठ

निक्षयचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. पहिला रन काचमणींच्या आकड्यांनी, ८ रुग्ण, १ एच-३७-आरव्ही, १ पाणी. त्याआधी जंतू मारण्याची पडताळणी ४२ दिवसांची सुरू करतो. इल्यूट जपून ठेवायची सूचना ट्रूनॅट असलेल्या तालुक्यांच्या केंद्रांना या आठवड्यातच पाठवतो. कुणाकडे औषधवार एका पानाच्या रिपोर्टचा मराठी नमुना असेल तर इथे टाका, रुग्णाला समजेल अशा भाषेतला अर्धा भाग त्यात हवा आहे.

---

क्षयविभाग

नमुना टाकतो. रुग्णाच्या भागात चारच ओळी ठेवल्या आहेत: कोणती औषधं तुमच्या जंतूवर चालतात, कोणती चालत नाहीत, गोळ्या बदलायच्या की नाहीत, आणि पुढच्या तपासणीची तारीख. ‘अनिश्चित’ हा शब्द रुग्णाच्या भागात घालू नका. तिथे ‘या औषधाची आणखी एक तपासणी चालू आहे, तोपर्यंत डॉक्टर सांगतील तशाच गोळ्या घ्या’ असं लिहा. ‘अनिश्चित’ वाचून रुग्णाने स्वतःहून ती गोळी बंद केली, तर अर्धवट औषधामुळे उरलेल्या औषधांनाही रोध तयार होण्याची वाट मोकळी होते.